तिसऱ्या हाकेची पोरं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. मोड आलेले वाल, परातीत कोमट पाणी, परातीच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला हिरा, माझी बायको. संध्याकाळची वेळ होती. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, बघत कोणी नव्हतं. वाल चिमटीत दाबला की साल बोटात राहते आणि दाणा सुळकन बाहेर येतो. माझे दाणे परातीत कमी आणि लादीवर जास्त पडत होते.

हिरा बोलली, "सोलता का फेकता?"

मी बोललो, "मी शिपाई होतो, आचारी नव्हतो."

"शिपाई तरी कवा धड होता," ती बोलली.

बस, एवढंच बोलणं. सालं तिने गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकली, दाणे पाण्यात घालून झाकून ठेवले. सकाळी बिरडं करायचं ठरलं आणि आम्ही झोपलो.

याला आता वर्ष होईल. मधे आमच्या गावठाणातल्या वाचनालयाची मुलं आली, बोलली, काका, दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहा. मी बोललो, शिपायाला कसले अनुभव? पाणी दे, फाईल ने, साहेबांची गाडी आली का बघ. पण मग वाटलं, माझी शिपाईगिरी जरा निराळी होती. मी पोरांची अक्कल मोजायच्या ऑफिसात होतो. आणि एक गोष्ट अशी आहे की हिरा होती तोवर ती लिहायची सोय नव्हती. मी चौथी शिकलेला माणूस. माझी भाची मंजू नववीत आहे, ती शुद्धलेखन बघते. अट एकच, वाक्य बदलायचं नाही.

नवं शहर वसवायला आमची भातशेती गेली आणि तिच्या मागोमाग मला ही नोकरी लागली. ऑफिस वाशीत होतं. नाव लिहीत नाही, आता ते बंदही झालंय. तेव्हा जिकडेतिकडे बिल्डिंगी उठत होत्या, त्यांच्या मागून शाळा उठत होत्या, आणि शाळांना पोरं निवडून पाहिजे होती. कुठलं पोर हुशार, कुठलं मंद, हे आमचं ऑफिस सांगायचं. वर डॉक्टरसाहेब होते. गोळ्या देणारे डॉक्टर नव्हेत, खूप शिकून झालेले डॉक्टर. प्रत्यक्ष परीक्षा घ्यायच्या सबनीस मॅडम. तरुण होत्या, ठाण्याच्या, अंगाने बारीक आणि बोलायला सरळ. पेटी उचलायचो मी.

पेटीत काय असतं असं सगळे विचारायचे. लाल-पांढरे ठोकळे असतात, चित्र दाखवलं की तसे लावायचे. काहीतरी गाळलेली चित्रं असतात, काय गाळलंय ते सांगायचं. आकडे ऐकून उलटे म्हणायचे. केळं आणि आंबा सारखे कसे, असले प्रश्न असतात. आणि एक घड्याळ, अंगठ्याने दाबलं की चालू, दाबलं की बंद. सगळ्या पोरांना एकाच शब्दात, एकाच सुरात विचारायचं. फार तर एकदा परत विचारायचं, त्यावर नाही. शाब्बास म्हणायचं नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. मॅडम परीक्षा घ्यायला बसल्या की देवळातल्या मूर्तीसारख्या दिसायच्या. बाहेर खिडकीला आया लटकायच्या त्यांना हाकलणं हे माझं काम. मार्केटमधल्या एका कांदेवाल्या शेठने मला कोपऱ्यात घेतलं, "मामा, माझ्या पोराची अक्कल जरा जास्त भरू द्या, गोणी घरपोच येईल." मी बोललो, "शेठ, काटा माझ्या हातात नाही. मी काट्याची पेटी उचलतो."

सगळंच हसण्यावारी जायचं असं नाही. एका सोसायटीतल्या बाईने कुठूनतरी माहिती काढून सुताराकडून आमच्यासारखेच ठोकळे करून घेतले होते आणि पोराकडून महिनोन्‌महिने घोकून घेतलं होतं. मॅडमनी चित्र उलटायच्या आधीच त्या पोराने ठोकळे लावून टाकले. चित्र उलटलं, तर तंतोतंत तेच. पुढचं झाकलेलं चित्र, तेही त्याने लावलं. त्याचे डोळे ठोकळ्यांवर नव्हते, मॅडमवर नव्हते, मागच्या कोऱ्या भिंतीवर होते आणि हात आपले आपण चालले होते. त्या पोराचे गुण रद्द झाले. मी त्याला हात धरून आईपाशी नेलं तर हात बर्फासारखा गार. जाताना तो मला बोलला, "अंकल, झालं? आता मी थांबू का?"

साहेबांच्या केबिनमधे भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर रंगीत उभ्या पट्ट्या. फ्लॅटमधल्या पोरांची निळी पट्टी, सगळ्यात उंच. मार्केटमधल्या हमालांच्या पोरांची हिरवी, मधली. खाडीकाठच्या आमच्या गावांची लाल, बुटकी. मी रोज त्या तक्त्याखाली चहा ठेवायचो. एकदा राहवलं नाही, विचारलं, "साहेब, ही लाल बुटकी का?"

साहेब बोलले, "तेच तर शोधायचंय."

मी बोललो, "आमचं पाणी खारं, त्याने आटली असेल."

ते हसले. मी नाही हसलो. ती लाल पट्टी म्हणजे माझा भाऊ, माझी बहीण, मी. माझ्या समोर माझी उंची मोजून भिंतीला लावलेली आणि खाली मी कपबशा विसळतोय. आमच्या पोरांना कुठला प्रश्न शहरी पडला, कुठलं चित्र कधी बघितलेलंच नव्हतं, ते मी इथे लिहीत नाही. ते कोणालाही सुचेल, आणि साहेबांनाही सुचलं होतं. त्यांनी तसली चित्रं बदलून बघितली होती. लाल पट्टी थोडी वर आली, मग थांबली. पुढची गोष्ट वेगळी आहे.

हिराचं माहेर जासईच्या पुढे, अगदी खाडीच्या कडेला. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या पोरी लग्नाच्या आहेत. मिठागरं, मागे बांध, बांधामागे चिखल आणि तिवरांची झाडी. हिराच्या भावाची मुलगी मंजू, तेव्हा सहा-सात वर्षांची. आम्हाला मूल नाही. नेरूळला नवी मोठी शाळा निघाली, तिने गावांमधल्या पोरांसाठी थोड्या जागा ठेवल्या. आमच्या परीक्षेत पास होईल ते पोर त्या शाळेत, आणि मंद ठरतील त्यांच्यासाठी गावातच वेगळा वर्ग. मंजूला जागा मिळाली तर ती आमच्याकडे राहणार, असं भावाने कबूल केलं होतं. हिराने गणवेशाचं कापडसुद्धा आणून ठेवलं. मी बोललो, अगं आधी पास तर होऊ दे. ती बोलली, "माझी मंजू मंद हाय? तुमचं ऑफिस मंद असंल."

आम्ही जीपने गेलो तो पहिला दिवस मला अजून दिसतो. एका खोलीची शाळा. पुढचं दार गावाकडे, मागचं दार बांधाकडे. गुरुजी घाटावरचे, आठवड्यातून कधीतरी उगवायचे. बोलले, "मॅडम, ही पोरं अशीच आहेत. चार वेळा बोंबलल्याशिवाय हलत नाहीत." आणि पानाची पिचकारी टाकून निघून गेले.

पहिलं पोर बसलं. मॅडमनी विचारलं, केळं आणि आंबा सारखे कसे? पोर गप्प. मॅडमनी नियमाप्रमाणे परत विचारलं. पोर गप्प. पुढचा प्रश्न. गप्प. ठोकळे पुढे सरकवले, असे लाव म्हणाल्या. पोराचे हात मांडीवर. दुसरं पोर आलं, तसंच. तिसरं, तसंच.

आता मी बघितलेली पोरं किती म्हणून सांगू. घाबरलेलं पोर मला कळतं, ते चड्डीशी खेळतं, दाराकडे बघतं. मठ्ठ पोर कळतं. रुसलेलं कळतं. ही त्यातली कुठलीच नव्हती. ही पोरं ऐकत होती. मॅडमनी एकदा विचारलं की डोळे त्यांच्या तोंडावर लागायचे. दुसऱ्यांदा विचारलं की मान जराशी वर यायची, दारावर कोणी थाप मारावी आणि आपण पुढच्या थापेची वाट बघावी तशी. आणि मॅडम पुढच्या प्रश्नाकडे वळल्या की मान परत खाली. प्रत्येक पोराचं तेच, जणू एकच पोर परत परत येऊन बसतंय. अंगणात बाकीची पोरं ओळीने बसलेली. ना मस्ती ना मारामारी. मी दार उघडलं की सगळी माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघायची. मंजूसुद्धा. मी तिच्या आत्याचा नवरा, मला मामा म्हणणारी, पण त्या खोलीत तिने मलाही ओळख दिली नाही.

परत येताना जीपमधे मॅडम बोलल्या, "काका, मला सारखं वाटत होतं की परीक्षा तीच माझी घेतायत. आणि मी नापास होतेय."

साहेबांना मात्र राहवेना. अख्खं गाव शून्य, असं कोणाला आजवर सापडलं नव्हतं. तक्त्यावर त्यांनी त्या गावाची वेगळी पट्टी लावली. पट्टी कसली, जमिनीवर रंग सांडावा एवढी.

घरी आलो. हिरा भाकऱ्या थापत होती. मी बोललो, "तुझ्या गावची पोरं मुकी हायत का काय? एकाने तोंड उघडलं नाय. मंजूनेपन नाय."

तिचा हात थांबला. "किती येल इचारला?"

"दोनदा. नियम हाय तसा."

"दोनदाच?"

तव्यावरची भाकरी करपली तरी ती उठेना. आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. हिरा लग्न होऊन आली तेव्हापासून तिला हाक मारली की पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला "ओ". माझी आई बोलायची, बहिरी गळ्यात मारली. मी रोज तीन हाका मारून जेवण मागायचो. सवयीचं झालं होतं, कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

ती आवाज बारीक करून बोलली, "आमचेकडं पयल्या हाकेला ओ देवाची नाय. दुसऱ्याला बी नाय. बोलवनारा मानूस असंल तं तिसरी मारल."

"आन मानूस नसला तं?"

"त्याला दम नसतो. ता दोनदा बोलवतं आन जातं."

"ता म्हंजे काय?"

"त्याचं नाव घेत नाय," एवढं बोलून तिने करपलेली भाकरी उलटली.

हळूहळू कळलं ते असं. मिठागरावर माणसं कामाला, पोरं बांधावर. भरती चढताना पाण्यावरून हाक येते, आईच्या आवाजात, बापाच्या आवाजात. पोर ओ देतं, हाकेच्या दिशेने जातं, चिखलात कमरेपर्यंत रुततं आणि वरून पाणी येतं. म्हणून बोलायला लागल्यापासून तिथल्या पोराला पहिला धडा हाच. त्यात अनोळखी माणूस असला तर जास्तच जपायचं, मग ती हाक असो की प्रश्न. पोरं अक्कल नव्हती म्हणून गप्प नव्हती. शिकवलेलं चोख पाळत होती, म्हणून मंद ठरली होती.

हिरा हे कधी कोणाला सांगत नसे. मंजूसाठी ती दुसऱ्या दिवशी स्वतः ऑफिसला आली, नऊवारीचा पदर घट्ट धरून, आणि मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम साहेबांकडे गेल्या. मी दाराशी होतो, दार काही जाड नव्हतं.

साहेब बोलले, "प्रश्न तीनदा विचारला तर चाचणीच राहत नाही. आकडा रद्द होतो."

मॅडम बोलल्या, "आणि दोनदा विचारला तर आकडा खोटा येतो, त्याचं काय?"

"सबनीस, प्रत्येक गावाला आपापला नियम द्यायचा, तर मग मोजायचं कशाशी?"

साहेब वाईट माणूस नव्हता. मोजायची फुटपट्टी ज्याच्या त्याच्या मापाची करता येत नाही, हे मलाही कळतं. दोन दिवस मॅडम नुसत्या नियमांचं पुस्तक उलटत बसल्या. मग बोलल्या, "प्रश्नाबद्दल नियम आहे. हाकेबद्दल नाही." म्हणजे आधी पोराला नावाने तीनदा हाक मारायची. त्याची ओ आली की प्रश्न एकदाच, नियमाने. साहेबांनी डोकं खाजवलं आणि हो म्हणाले.

परत गेलो ते हिराला घेऊन. पोरांना ओळखीचा चेहरा असावा म्हणून ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसायची. मॅडम हाक मारायच्या, थांबायच्या, परत हाक, थांबायच्या, परत. तिसऱ्या हाकेला पोर "ओ" म्हणायचं आणि मग बांध फुटावा तसं बोलायला लागायचं. एकाला विचारलं, होडी आणि बैलगाडी सारख्या कशा? बोलला, "दोनीवर बापूस झोपतो." मॅडम हसू दाबून लाल झाल्या. तीन दिवस त्या खोलीत हेच चाललं. नाव, थांबा, नाव, थांबा, नाव. सकाळपासून दुपारपर्यंत. मला आठवतं, मी तेव्हा मनात बोललो, आता झोपेतपण तीन हाका ऐकू येतील.

पोरं सगळी निळ्या पट्टीला पोचली असं मी सांगणार नाही. मॅडमनीही तसं सांगितलं नाही. बरीच वर आली, काही फार वर गेली, आणि तरी थोडा फरक राहिलाच. तो कशाचा? गुरुजी येत नव्हते त्याचा, रिकाम्या पोटाचा, की आणखी कुठल्या अशा रिवाजाचा जो आम्हाला कोणी सांगितलाच नाही? मॅडम बोलल्या, "माहीत नाही, काका." एवढ्या शिकलेल्या बाईच्या तोंडून माहीत नाही ऐकलं आणि माझा तिच्यावर भरवसा बसला.

शेवटच्या दिवशी शेवटची मंजू होती.

दुपार टळटळीत. भरती पूर्ण चढली होती, पाणी बांधाला टेकलं होतं आणि जराही हलत नव्हतं. शिसं ओतून ठेवावं तसं. वारा नाही. उकाड्यामुळे दोन्ही दारं उघडी. मी पुढच्या दारात, हिरा मागच्या उंबऱ्यावर, पाण्याकडे पाठ करून. मंजू केसांना तेल लावून, दोन वेण्या घालून बसलेली. अंगणातल्या पोरांना मी घरी पाठवलं होतं, त्यामुळे आत-बाहेर चिडीचूप.

मॅडम बोलल्या, "मंजू."

थांबल्या.

"मंजू."

थांबल्या. आणि तिसरी हाक आली, "मंजू."

आवाज मॅडमचाच. सूर तोच, मधलं अंतर तेवढंच. फक्त मॅडमचं तोंड बंद होतं. त्यांचा अंगठा घड्याळावर होता आणि तिसऱ्या हाकेसाठी घेतलेला श्वास अजून छातीत होता. हाक मागच्या दारातून आली होती. पाण्याकडून.

मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. आणि मंजूने तोंड उघडलं. पोरीने शिकवल्याप्रमाणे बरोबर मोजलं होतं. तिसरी हाक, म्हणजे माणूस. तिच्या ओठाशी ओ आली होती, तेवढ्यात हिरा उंबऱ्यावरून उठली, गर्रकन पाण्याकडे वळली आणि छाती फुटेल एवढ्या मोठ्याने बोलली, "ओ!"

मग काही नाही. म्हणजे काहीच नाही. कावळा नाही, माशी नाही. पाणी तसंच.

हिरा वळली. आवाज सरळ. "मंजू बाय, बाई इचारतील त्यांची उत्तरां दे. मागं बगायचं नाय. मी हाय इथं."

सबनीस मॅडमनी परीक्षा पुरी केली. एकाही प्रश्नात सूर चुकला नाही. कारण सूर चुकला असता तर मंजूचे गुण रद्द झाले असते. मी मागे जाऊन आलो. बांधावर कोणी नव्हतं. होडी नव्हती. माणूस उभं राहील एवढी जागाच पाण्याने ठेवली नव्हती.

जीपमधे मी हिराला बोललो, "पलीकडच्या बांधावरनं कोनी आपल्या पोरीला बोलवली असंल. पान्यावर आवाज फिरतो. मंजू काय एकच हाय का जगात?"

ती बोलली, "तीन दिस आपुन तीन-तीन हाका मारीत होतो. आयकनारी पोरांच होती काय?"

मी मागे वळून बांधाकडे बघितलं.

"पोरां मंद नवती ना?" ती बोलली. "तं ता कशाला मंद असंल. शिकला त्यानं."

मंजूला जागा मिळाली. हिराने त्या कापडाचा गणवेश स्वतः शिवला, बाही थोडी तिरकी झाली. पोर आमच्याकडे आली, शाळेत रमली, हात वर करायला लागली. पण त्या दिवसापासून हिराने ओ देणं बंद केलं. पहिल्या हाकेला नाही, तिसऱ्याला नाही, दहाव्याला नाही. हाक मारली की हातातलं काम ठेवून उठायची, चालत यायची आणि समोर उभी राहायची. मी चिडायचो, "तोंडाने बोल ना." ती बोलायची, "एकदा दिली ना. परत कशी देऊ?" एरवी बोलायला पक्की, भांडायला त्याहून पक्की. फक्त ओ नाही. मंजूलाही तिने बजावून ठेवलं होतं, हाक ऐकून कुठे जायचं नाही, हाक मारणारा दिसला पाहिजे.

मॅडमनी पुढे ती नोकरी सोडली. जाण्याआधी घरी येऊन गेल्या. हिराचा हात हातात घेऊन बसल्या. मग मी रिटायर झालो, ऑफिस बंद झालं, तक्ता रद्दीत गेला. मला खंत एकाच गोष्टीची आहे. त्या एका गावाला हिरा होती म्हणून कळलं. बाकीची लाल पट्टी तशीच राहिली. त्यातलं कुठलं पोर कशाची वाट बघत गप्प बसलं होतं, ते विचारायला आम्ही परत गेलो नाही. हुशार पोराचं मोजमाप करायला आमच्याकडे पेटी होती. गप्प पोरापाशी गप्प बसून राहायला कोणी नव्हतं.

असल्या गोष्टी मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. हिरा त्यानंतर कितीतरी वर्षं धडधाकट होती, मार्केटमधून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायची. डॉक्टर बोलला, झोपेतच हार्ट थांबलं, त्यांना कळलंही नसेल. मी बोललो, बरं.

तर ती सकाळ.

मंजू पहाटे क्लासला गेली होती. मला लवकर जाग येते. हिरा भिंतीकडे तोंड करून झोपली होती, मी उठवली नाही. चहा केला. रात्रीचे वाल धुतले, कांदा चिरला, फोडणी मी घातली. बोललो, आज दाखवतोच हिला, शिपाई धड होता का नव्हता. पातेल्यावर झाकण ठेवलं, झाकणावर पाणी ठेवलं आणि स्वैपाकघरातून हाक मारली, "हिरे."

ओ आली नाही. ती कुठे यायची होती. मी वाट बघत राहिलो की आता पाऊल वाजेल आणि दारात उभी राहील. वाल शिजायचा वास सुटला. परत हाक मारली, "हिरे." पाऊल वाजलं नाही. चहावर साय धरली होती.

मी आत गेलो. खांद्याला हात लावला आणि मला कळलं.

मग मी काय केलं ते लिहितो, कोणाला काय वाटायचं ते वाटो. आमची एक खिडकी खाडीकडे उघडते. सीवूड्सच्या बिल्डिंगी उठल्यापासून पाणी फटीतूनच दिसतं, पण दिसतं. ती खिडकी हिरा कधी उघडू द्यायची नाही. ती मी पूर्ण उघडली. भरती होती. परत येऊन तिच्या उशाशी बसलो, तिचा हात हातात घेतला आणि तिसरी हाक मारली.

"हिरे."

थोडा थांबलो. मंजूच्या जागी ओ देताना ती थांबली नव्हती, मीच थांबलो. मग खिडकीकडे तोंड करून, छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून, तिच्या जागी मी बोललो, "ओ!"

समोरच्या बिल्डिंगीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईने वर बघितलं. बाकी काही नाही.

मग उठलो, जाऊन गॅस बंद केला. वाल शिजले होते.